समुद्राचा हंगाम आणि भाड्याची होडी

हैदराबादेत विमानतळाकडे जाणाऱ्या उंच रस्त्यावरून गेलात, तर कडेला एक भलामोठा मासा उभा दिसतो. गाडीतली मुले तो पाहून हमखास ओरडतात. ही राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची इमारत. मंडळाची स्थापना २००६ साली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, प्रगतीनगरच्या बाजूस, समुद्राशी संबंधित आणखी एक मोठी कचेरी आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र असे तिचे लांबलचक नाव असून, लोक तिला थोडक्यात 'इन्कॉइस' म्हणतात. ती १९९९ साली सुरू झाली. कोकणातल्या मच्छीमाराला उद्या लाटा किती उंच असतील आणि मासळी कोणत्या दिशेला सापडेल, हे सांगणारी माणसे आपल्या या कोरड्या शहरात बसतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

शेतकऱ्यांच्या पानावर समुद्राची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, अलीकडे आपली शेतकरी कुटुंबेही सुगी आटोपली की चार दिवस समुद्राकडे जाऊ लागली आहेत. सोलापूर, कोल्हापूर करीत घाट उतरायचा आणि मालवण, तारकर्ली, देवगड किंवा पुढे गोवा गाठायचा. तेथे होडी भाड्याने मिळते. तांडेल आपल्याला खाडीत किंवा बंदराच्या आडोशाला नेतो, हाती गळ देतो, आणि दोन-तीन तास मासे गरवण्याचा आनंद घेता येतो. यात वाईट काहीच नाही. वर्षभर मातीत राबणाऱ्या माणसाने एक सकाळ पाण्यावर घालवावी, मुलांना देवाची एवढी मोठी सृष्टी दाखवावी, हे चांगलेच आहे.

परंतु मागील वर्षी मे महिन्याच्या शेवटी असेच गेलेल्या एका कुटुंबाची हकिगत मला ऐकावी लागली, आणि तेव्हापासून या विषयावर लिहावे असे मनात होते. त्यांनी आधी ज्या तांडेलाला विचारले, तो म्हातारा होता. त्याने समुद्राकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "आज नको, दादा. उद्याही नको. आता सप्टेंबरानंतर या." पोरे हिरमुसली. इतक्या लांबून आलो, पुन्हा कधी येणार, असे म्हणून त्यांनी दुसरा शोधला. तो लगेच तयार झाला. जॅकेटे मागितली तर "खाडीतच तर जायचंय" म्हणून त्याने हसण्यावारी नेले. खाडीच्या तोंडाशी गेल्यावर एक लाट आडवी आली. होडी उलटली नाही, ही कृपाच. पण ती अर्धी पाण्याने भरली, सात वर्षांचे पोर बापाच्या गळ्याला मिठी मारून तासभर थरथरत राहिले, आणि परत येईपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. घरचे कर्ते मला म्हणाले, "फादर, पहिल्याचं ऐकायला हवं होतं."

ही गोष्ट मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्याने "आज नको" म्हटले तोच खरा जाणता होता, एवढेच ध्यानात घ्यावे. आपण शेतकरी आकाश ओळखतो, पण लाट ओळखत नाही. म्हणून समुद्राचा हंगाम काय असतो आणि भाड्याची होडी कशी निवडावी, हे येथे थोडे विस्ताराने पाहू.

समुद्रालाही पेरणीचे दिवस असतात

पेरलेल्या रानात जनावर शिरले तर आपण काठी घेऊन धावतो. समुद्राचेही तसेच आहे. पश्चिम किनाऱ्यावरील पुष्कळ मासे पावसाळ्याच्या आगेमागे अंडी घालतात. त्या दिवसांत नद्या गाळ आणि सेंद्रिय द्रव्ये घेऊन समुद्राला मिळतात. मोसमी वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटले जाते आणि खालचे थंड, सकस पाणी वर येते. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव आणि त्यांच्यावर माशांची पिले. आपल्या भाषेत सांगायचे तर समुद्राला खत आणि पाणी एकाच वेळी मिळते. पिले खाडीतल्या कांदळवनाच्या मुळांत आसरा घेतात आणि मोठी झाली की बाहेर पडतात.

म्हणूनच पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्याची रीत आहे. कोकणातल्या कोळ्यांनी ती कायद्याच्या पुष्कळ आधीपासून पाळली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटायच्या, ही त्यांची चाल. वसई, उत्तन, गोराई येथील आपले ख्रिस्ती कोळी नव्या हंगामाआधी होड्यांवर आशीर्वाद मागतात. महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ साली केला. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आपल्याला जवळ पडणाऱ्या मच्छलीपट्टण आणि बापटलाच्या बाजूस, हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. दोन्ही किनाऱ्यांचे दिवस वेगळे आहेत, हे लक्षात ठेवा. मे महिन्याच्या सुटीत आंध्रच्या किनाऱ्यावर कोणी यंत्राच्या होडीतून मासे धरायला नेतो म्हणाला, तर तो नियम मोडतो आहे असे समजावे. बिनयंत्राच्या पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. पण त्या होड्या पोट भरण्यासाठी समुद्रावर जातात, पाहुण्यांची हौस पुरवण्यासाठी नव्हे.

प्रवाशांच्या होड्यांचा हिशेब आणखी निराळा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत पर्यटनाच्या होड्या आणि पाण्यावरचे खेळ बंद ठेवतात. या बंदीच्या अगदी तोंडाशी, २४ मे २०२२ रोजी, तारकर्लीजवळ पर्यटकांची एक होडी उलटून दोघे मृत्युमुखी पडले. हंगामाचे शेवटचे दिवस हे असे फसवे असतात. ऊन स्वच्छ असते, गर्दी पुष्कळ असते, होडीवाल्यालाही पुढल्या तीन महिन्यांच्या बेकारीची चिंता असते, आणि समुद्र मात्र आतून बदलू लागलेला असतो.

कोणत्या महिन्यात, किती वाजता

कोकणात होडीतून मासे गरवण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत बरे. पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसलेला असतो, लाटा लहान असतात, आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो. शाळेत आपण याला मतलई वारे म्हणत होतो. दुपार होऊ लागली की वारा उलटतो आणि समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे सुटतात. मार्चनंतर हा दुपारचा वारा चांगलाच जोर धरतो. म्हणून नियम सोपा आहे. पहाटे निघावे आणि दुपारच्या जेवणापूर्वी किनाऱ्याला लागावे. आपण वखर किंवा फवारणी सकाळच्या पारी उरकतो, तसेच हे.

हिवाळा म्हणजे वादळ नाहीच, असे मात्र समजू नये. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन मोसम असतात, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्याच्या नंतर. फयान वादळ कोकणावर आले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. तौक्ते कोकण किनाऱ्याला झोडपत गेले ते मे २०२१ मध्ये.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणातले लोक तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ दररोज साधारण पाऊण ते एक तासाने पुढे सरकते. बंदराप्रमाणे यात तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून खात्री स्थानिक माणसाकडूनच करून घ्यावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे पाणी फार चढते आणि फार उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. नवख्या माणसाने, विशेषतः मुले बरोबर असतील तर, भांगाचे दिवस निवडावेत.

मासा गळाला लागतो तो पाणी चालते असताना. भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी थांबले की मासाही थंडावतो. पण एक धोका येथे सांगितला पाहिजे. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते. त्याच वेळी समुद्राकडून वारा आला, तर दोहोंच्या टकरीने तेथे आखूड आणि उंच लाटा फुटू लागतात. देवबागेजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तसल्या जागा पाहण्यास सुंदर असतात, पण ओहोटीच्या वेळी लहान होडीने तेथे घोटाळू नये. वर सांगितलेल्या कुटुंबाची होडी भरली ती याच प्रकारे.

हैदराबादेत बसून समुद्र कसा कळतो

आता आपल्या शहरातल्या त्या कचेरीकडे वळू. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता मोजतात आणि पाण्याचा हिरवेपणा टिपतात. जेथे थंड व उबदार पाणी एकमेकांना भिडते आणि हिरवेपणा जास्त असतो, तेथे सूक्ष्म वनस्पती असतात. जेथे वनस्पती तेथे लहान मासळी, आणि तिच्यामागे मोठी मासळी. बांधावर हिरवळ दिसली की गुरे तिकडे वळतात, तसाच हा प्रकार. या माहितीवरून इन्कॉइस मच्छीमारांना सल्ला देते की, अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीत मासळी असण्याचा संभव आहे. हा सल्ला मराठीतही निघतो. बंदीच्या काळात तो दिला जात नाही, आणि आकाश ढगाळ असेल तर उपग्रहालाही नीट दिसत नाही.

दोन तासांच्या हौसेसाठी आपल्याला मासळीच्या या सल्ल्याची गरज नाही. आपल्या उपयोगाचा आहे तो लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज. तोही हेच केंद्र देते, आणि तो फोनवर पाहता येतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशाचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ साली येथेच उभे राहिले.

या केंद्राच्या इशाऱ्यांपैकी एक विशेष समजून घेण्यासारखा आहे. कधी कधी किनाऱ्यावर वारा नसतो, ढग नसतो, तरीही अचानक लांबलांब, भरदार लाटा येऊ लागतात. हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला झालेल्या वादळाने त्या उठवलेल्या असतात आणि काही दिवस प्रवास करून त्या येथे पोहोचतात. केरळात त्यांना कल्लक्कडल, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे प्रमाण अधिक. आकाश पाहून हवामान सांगण्याची आपली सगळी विद्या येथे कुचकामी ठरते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे हा अंदाज पाहावा. "आकाश तर निरभ्र आहे" हे कारण पुरेसे नाही.

तांडेल कसा पारखावा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, दोघांना विचारतो. होडी घेताना मात्र किनाऱ्यावर जो पहिला हाक मारतो त्याच्या मागे जातो. पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली गोष्ट, परवाना. मासेमारीची होडी मत्स्यव्यवसाय खात्याकडे नोंदलेली असते. पण तेवढ्याने तिला प्रवासी नेण्याचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्रात प्रवासी होड्यांची तपासणी आणि परवाने सागरी मंडळाकडे आहेत. परवान्यावर किती माणसे न्यावीत हा आकडा असतो. तो विचारावा. लाजू नये. अपघात झाल्यावर विम्याचा प्रश्न येतो, तेव्हा हाच कागद कामाला येतो.

दुसरी, जॅकेट. जितकी डोकी तितकी जॅकेटे, आणि ती बाकाखाली ठेवलेली नव्हे, तर अंगात घालून बंद आवळलेली. मुलांसाठी लहान मापाची वेगळी मागावीत. मोठ्याचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी गोदावरीच्या पुरात कच्चुलुरूजवळ सहलीची होडी बुडाली, हे आपल्या भागातले लोक विसरले नसतील. त्या होडीत ७७ माणसे होती आणि २६ वाचली. मृतांत हैदराबाद आणि वरंगळकडचे कितीतरी होते. ती नदी होती, समुद्र नव्हता. पाणी कोणतेही असो, जॅकेट अंगात हवे.

तिसरी, होडीत दोन माणसे असावीत. एक सुकाणूवर, दुसरा मदतीला. यंत्र बंद पडल्यास वल्ही आहेत का, नांगर आणि दोर आहे का, पाणी उपसण्याचे भांडे आहे का, हे नजरेखालून घालावे. फोन पिशवीत गुंडाळून घ्यावा. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे, तो आधीच लिहून ठेवावा. आपण कुठे चाललो आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जावे.

चौथी, दारू. तांडेलाने घेतली असेल तर चढू नये, आणि आपल्यातल्या कोणी घेतली असेल तर त्याला किनाऱ्यावर बसवावे. हे स्पष्ट लिहितो आहे, कारण सहलीत हेच सगळ्यांत जास्त घडते.

पाचवी गोष्ट भाड्याची. भाडे होडीचे की माणशी, किती तासांचे, आणि हवा बिघडून परतावे लागले तर काय, हे आधी ठरवावे. तांडेलाने "आज नको" म्हटले तर त्याच्याशी हुज्जत घालू नये आणि जास्त पैशांचे आमिषही दाखवू नये. त्याच्या घरी चूल पेटायची असते. शंभर-दोनशे रुपये वाढवून आपण त्याच्या शहाणपणाची परीक्षा पाहतो, आणि कधी कधी तो बिचारा हरतो. त्या हरण्याची किंमत दोन्ही घरांनी मोजायची असते.

गळ टाकताना

बंदराच्या आडोशाला फार मोठे साहित्य लागत नाही. तंगूस दोरी, तिला गळ, खाली शिशाचे वजन, आणि आमिषाला कोळंबीचा, तारलीचा किंवा माकुलाचा तुकडा. वजन तळाला लागले की दोरी वीतभर वर घ्यावी आणि बोटावर धरून बसावे. मासा आमिष चाखू लागला की बोटाला टोचल्यासारखे जाणवते. लगेच हिसका देऊ नये. दुसऱ्यांदा ओढ आली की सावकाश, पण एकसारखे ओढावे. दोरी हाताला गुंडाळण्याची चूक कधीही करू नये. मोठ्या माशाने ओढ घेतली तर तंगूस बोट कापून हाडापर्यंत जाते. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

काय मिळेल ते जागेवर अवलंबून आहे. वाळूच्या तळावर मुडदुसे, खडकाळ भागात तांबोशी आणि गोब्रा, खाडीत काळुंद्र, शिंगाळा आणि नशीब असेल तर जिताडा. रिकाम्या हाताने परत येण्याचीही तयारी ठेवावी. पाऊस पडला म्हणजे पीक आलेच, असे नसते.

येथे पुन्हा बियाण्याची गोष्ट येते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान आणि सुरमई ३७० मिलिमीटरपेक्षा लहान धरू नये, असा नियम आहे. सुरमईचे हे माप साधारण पावणेदोन वीत होते. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर झाला. लहान मासा हा एकदाही अंडी न घातलेला मासा. तो काढणे म्हणजे कणसे भरण्याआधीच ज्वारी कापणे. म्हणून लहान मासा आला तर हात ओले करून अलगद धरावा, गळ काढावा आणि पाण्यात सोडावा. कोरड्या हाताने धरल्यास त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि सोडला तरी तो जगत नाही. कासव गळाला लागले तर तांडेलाकडून ताबडतोब सोडवून घ्यावे. कायद्याने त्याला संरक्षण आहे.

मालवणला आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम कुरटे बेटावर सुरू केले. त्या किल्ल्याच्या भोवतीच्या समुद्रातला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेव्हा गळ कोठे टाकावा आणि कोठे टाकू नये, हे आधी समजून घ्यावे. किल्ला पाहावा, प्रवाळ पाहावे, आणि मासे दुसरीकडे धरावेत.

आरोग्याच्या काही गोष्टी

होडी लागणे हा आजार नव्हे, पण माणसाला अगदी हैराण करतो. उपाशीपोटी जाऊ नये आणि पोट फुगेपर्यंत खाऊनही जाऊ नये. दोन भाकऱ्यांऐवजी अर्धी भाकरी, वर थोडे आले. होडीच्या मध्यभागी बसावे, फोनकडे न पाहता दूर क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावी. तिने झोप येते, हे ध्यानात ठेवावे. मधुमेही माणसाने खिशात साखर ठेवावी. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी आणि दिवस गेलेल्या भगिनींनी किनाऱ्यावरूनच आनंद घ्यावा. पाण्यावरचे ऊन दुप्पट भाजते. डोक्याला टोपी किंवा उपरणे आणि प्यायला भरपूर पाणी हवे.

शिंगाळ्याला पाठीवर आणि कल्ल्यांमागे विषारी काटे असतात. पाखट माशाच्या शेपटीलाही असतो. काटा टोचल्यास जागा धुवावी आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास किंवा अधिक वेळ बुडवून ठेवावी. उष्णतेने वेदना उतरते. पाणी उकळते नको, नाहीतर कातडी भाजेल. नंतर डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. गळ बोटात रुतला तर ओढून काढू नये. गळाला उलटा काटा असतो आणि तो मांस फाडतो. दोरी कापावी आणि तसेच दवाखान्यात जावे.

केंड नावाचा मासा पाण्याबाहेर काढला की फुग्यासारखा फुगतो. मुलांना गंमत वाटते. तो खाऊ नये, घरी आणू नये. त्याचे विष शिजवूनही जात नाही. ओठ आणि जीभ बधिर होतात आणि पुढे श्वास बंद पडतो. त्यावर उतारा नाही. कोणी चुकून खाल्लाच तर क्षणही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात पडून राहिले तर त्यांच्यात एक प्रकारचे विषारी द्रव्य तयार होते. वास आला नाही तरी ते असू शकते आणि तळूनही ते नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. म्हणून मासा धरताक्षणी बर्फात घालावा, आणि जितका मासा तितका बर्फ हा हिशेब ठेवावा. होडीत चढताना बर्फाची पेटी नसेल तर मासे धरण्यात अर्थ नाही. धरलेली मासळी किनाऱ्यावरच शिजवून खावी हे उत्तम. हैदराबादेपर्यंत पंधरा तासांच्या प्रवासात ती नेण्याची हौस करू नये. न्यायचेच असेल तर सुके बोंबील, सोडे किंवा जवळा न्यावा. मात्र खारवलेल्या मासळीत मीठ फार असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी ती भिजवून, पाणी टाकून, बेताने खावी.

तोही शेतकरीच

शेवटी एक गोष्ट. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्याला यात नवल वाटू नये. त्याचाही हंगाम आहे, त्याचेही कर्ज आहे, त्याचाही माल दलाल ठरवील त्या भावाने जातो. मोठ्या यंत्राच्या होड्या लहान मासळीसकट सगळे ओरबाडून नेतात, आणि त्यातली बारीक मासळी दळून कोंबड्यांच्या खाद्यात जाते, ही लहान मच्छीमाराची जुनी तक्रार आहे. रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याला केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली, तरी त्यावरून भांडणे चालूच असतात. जाळ्यात मासळी कमी पडू लागली म्हणून पुष्कळ तांडेल हिवाळ्यात पाहुणे नेऊ लागले. म्हणजे आपले भाडे हा त्याच्या घरचा जोडधंदा आहे, आपल्या दोन म्हशींसारखा. हंगामात जाऊन, ठरलेले भाडे घासाघीस न करता देऊन आपण त्याला हातभार लावतो. बंदीच्या दिवसांत त्याला पाण्यात ओढून आपण त्याचेच बियाणे खातो.

त्या कुटुंबाने पुन्हा मालवणला जायचे ठरवले आहे. या वेळी जानेवारीत, तूर निघाल्यावर, अष्टमीच्या सुमारास. त्यांनी त्या म्हाताऱ्या तांडेलाचा फोन मिळवला आणि आधीच विचारून घेतले. तो म्हणाला म्हणे, "या, पण त्या सकाळी मी नको म्हटलं तर रागावू नका." घरच्या कर्त्यांनी कबूल केले. धाकट्याच्या मापाचे जॅकेट मात्र ते येथूनच विकत घेऊन जाणार आहेत.